माझ्या अंगावरचे झुरळ

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे, रंगाने डाळिंबी. आता मी केक पोचवते. पण माझी हकीकत एका झुरळाशिवाय पुरी होत नाही, म्हणून त्याच्याबद्दल सांगायलाच हवे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्यावर रंगाचे थर फवारून मला एका लांबलचक भट्टीतून नेले, तेव्हा कुठे रंग पक्का झाला. म्हणजे मीही भाजूनच बाहेर पडले आहे. तेव्हा माझे अंग इतके झळझळीत होते की येणारेजाणारे माझ्यात बघून केस नीट करत.

मला पहिल्यांदा घेतले ते झुरळे मारायचे औषध फवारणाऱ्या एका काकांनी. त्यांनी माझ्या डाव्या कुशीवर हे एवढे मोठे झुरळ चिकटवले. उताणे पडलेले, सहाही पाय वर, लांब मिशा. खाली ठसठशीत अक्षरे होती, ‘एकही उरणार नाही!’ आम्ही गल्लीत शिरलो की पोरे ओरडत, "झुरळगाडी आली!" काका हॉर्न वाजवून त्यांना सलाम ठोकत. खरे सांगते, मला त्या झुरळाचा अभिमान होता.

पुढे काका थकले. त्यांनी काम बंद केले आणि मला झुरळासकट एका भिंतीकडेला उभे केले. उन्हात उभे राहून राहून मी फिकट गुलाबी पडले. कोणी फडकेसुद्धा मारले नाही. शेवटी जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाने मला नेले, झुरळ आणि खालची अक्षरे सोलून काढली आणि अंगभर तेलाचा हात फिरवला. तेलाने मी पुन्हा गडद दिसू लागले. त्याच्या अंधाऱ्या शेडमध्ये मला बघायला आले ते माझ्या मालकिणीचे धाकटे दीर. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि मला पसंत केले.

माझी मालकीण घरी केक करायची. नोकरी सोडून तिने नुकतेच स्वतःचे दुकान थाटले होते. जवळच्या शाळेचा पन्नासावा वाढदिवस होता आणि त्याचा केक तिच्याकडे होता. शनिवारी सकाळी सगळे पालक फाटकाशी जमणार होते. केक त्यांच्या मनात भरला तर दुकान चालणार होते, नाही तर पुन्हा नोकरी शोधायची होती.

मी घरी आले त्या दिवशी तिने हौसेने मला साबणाने न्हाऊ घातले. तेल निघून गेले. ऊन पडले, मी वाळले, आणि माझ्या गुलाबी कुशीवर गडद डाळिंबी झुरळ उगवले. पाय वर, मिशा ताठ, खाली तीच ठसठशीत अक्षरे.

"अगं बाई!" मालकिणीच्या सासूबाई ओट्यावरून ओरडल्या. "मुठीएवढं झुरळ दिसलं तरी मी झाडू घेते. हे तर म्हशीएवढं आहे!"

"भावजी, तुम्हाला हे दिसलं नाही?" मालकिणीने विचारले.

"वहिनी, शेडमध्ये अंधार होता हो. झुरळं अंधारात लपतातच ना."

"तू बोलूच नकोस," सासूबाई म्हणाल्या. "या गाडीतून केक गेला तर लोक आधी तो फोडून आत बघतील."

"पण खालचं वाक्य राहू द्या. ‘एकही उरणार नाही!’ केकला काय वाईट आहे?"

मालकिणीला हसू आले, पण डोळे मात्र भरले होते.

मग सुरू झाली घासाघास. साबण झाला, रॉकेल झाले, स्वयंपाकघरातला खायचा सोडा झाला. सासूबाई तारेची घासणी घेऊन आल्या, ती मालकिणीने वेळीच काढून घेतली म्हणून मी वाचले. तिघेही फक्त झुरळ घासत होते आणि झुरळ दर हाताला आणखी तुकतुकीत होत होते. दीर हताश होऊन म्हणाले, "वहिनी, हे तर पोसलं जातंय!"

मला ओरडून सांगावेसे वाटत होते, पण मला फक्त हॉर्न होता.

शुक्रवारी मालकीण स्वयंपाकघरात केक सजवत होती. खिडकी माझ्यासमोरच होती. तिने कागदाचा तारा कापून तपकिरी केकवर ठेवला, वरून चाळणीने पिठीसाखर भुरभुरली आणि कागद अलगद उचलला. पांढऱ्या साखरेत तपकिरी तारा उमटला. तिने ताऱ्याकडे पाहिले. मग खिडकीतून माझ्याकडे पाहिले. आणि हातात चाळणी तशीच घेऊन ती अंगणात धावली.

"आई! भावजी! आपण चुकीची जागा घासतोय!"

"आता आणि काय?" सासूबाई बाहेर आल्या.

"झुरळ म्हणजे डाग नाहीच. तो हिचा मूळ रंग आहे. चित्राखाली ऊन पोचलं नाही म्हणून तेवढाच शाबूत राहिला. विटलंय ते बाकीचं अंग! झुरळ सोडा, आजूबाजूचं घासा!"

दीर गाडीला लावायची पॉलिशची पेस्ट घेऊन आले. मालकिणीने आधी कोपऱ्यात वीतभर जागा घासून बघितली. फडक्यावर गुलाबी भुकटी आली, खालून डाळिंबी रंग निघाला. ती तिथेच टाळ्या पिटू लागली. मग तिघांनी मिळून, हलक्या हाताने, माझे सगळे अंग घासले. ऊन खाऊन मेलेला थर निघत गेला आणि झुरळ कडेकडेने विरत गेले. सासूबाई प्रत्येक पायाला निरोप देत होत्या, "हा गेला. हाही गेला."

शेवटी मागच्या दाराशी एक मिशी उरली.

"हीपण काढू का?" दीरांनी विचारले.

"नको. जास्त घासलं तर चांगला रंगच जाईल. राहू दे तेवढी." मालकिणीने त्या मिशीवरही मेणाचा हात फिरवला.

शनिवारी शाळेच्या फाटकात मी शिरले तेव्हा पोरे धावत आली. केक उतरवायला मोठ्या बाई स्वतः पुढे आल्या. माझ्या कुशीवर हात ठेवून म्हणाल्या, "गाडी नवी घेतली वाटतं?"

"नवी कुठली!" सासूबाई म्हणाल्या. "जुनीतूनच काढली."

तासाभरात ताटात चुरासुद्धा राहिला नाही, आणि परतीच्या वाटेवर मालकीण पुढच्या वाढदिवसांच्या तारखा मोठ्याने पाठ करत होती.

मित्रांनो, आता माझ्या कुशीवर तीन मजली केकचे चित्र आहे. त्याची एक मेणबत्ती बरोबर त्या मिशीवर बसली आहे. मला सावलीत उभे करतात, धुतात, पुसतात. तरी मी हळूहळू विटणार, हे मला ठाऊक आहे. एक दिवस हे चित्रही निघेल आणि फिकट गाडीवर गडद केक दिसेल. तेव्हा तुमच्यापैकी कोणी फडके हातात घेतलेच, तर एवढे करा, घासण्याआधी जरा नीट बघा. तो डाग नसेल. तेवढी मी अजून तशीच असेन, आजच्याइतकी डाळिंबी.