ऑनलाइन वर्गाला हुंकार

कॉलेजने आठ दिवस वर्ग फुकट बघू दिले होते. जमले तर नाव टाका, नाही तर राम राम. आमगावच्या दुर्गेश्वरीचे सात दिवस हातचे गेले. बारावीनंतर सतरा वर्षांनी तिला बी.ए. व्हायचे होते, पण मोबाईल उघडला की पाचव्या मिनिटाला ती उठायचीच. कधी दूध उतू जायचे, कधी अंगणातल्या धानावर चिमण्या उतरायच्या. सासूबाई शकुंतलाबाईंचे म्हणणे सरळ होते, की जिचे बूड पाटावर टिकत नाही, तिने घरबसल्या कॉलेजच्या नादी लागूच नये.

आठव्या दिवशी सोमवार होता. पूजा आटोपताना दुर्गेश्वरीच्या मनात आले, कहाणी ऐकताना आपण कधी उठतो का? मुठीत अक्षता असतात ना. कहाणी पुरी झाल्याशिवाय मूठ सुटत नाही, मूठ सुटल्याशिवाय बाई उठत नाही. तिने चिमूटभर तांदूळ मुठीत घेतले आणि मोबाईलमधल्या इतिहासाच्या सरांसमोर मांडी घातली.

दूध उतू गेले. जाऊ दिले. गाय हंबरली, हंबरो बापडी. सर अशोकाची गोष्ट सांगत होते आणि दुर्गेश्वरी कहाणी ऐकावी तशी ऐकत होती, म्हणजे दर वाक्याला "हूं". हुंकाराविना कहाणी फळत नाही, हे ती लहानपणीच शिकलेली.

माईक चालू आहे हे मात्र तिच्या गावीही नव्हते.

पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांच्या इमोजी टपाटप फुटू लागल्या. सर थांबले. दुर्गेश्वरीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मूठ सोडवेना, डाव्या हाताला माईकचे बटण सापडेना.

"बंद नका करू, ताई," सर म्हणाले. "दोन वर्षांपासून काळ्या चौकोनांना शिकवून राहिलो. कोणी ऐकते, हे आज समजलं."

मग काय विचारता. हसू ओठांत दाबत तिने कलिंगापर्यंत हुंकार दिले. लढाई संपली, राजा मैदानात उभा राहिला आणि सर दम घ्यायला थांबले.

"मंग? पुढं काय झालं त्याचं?"

हा आवाज दाराकडून आला. शकुंतलाबाई कधीपासून तिथे उभ्या होत्या, आणि त्यांच्याही मुठीत तांदूळ होते.

वर्ग संपला तेव्हा दोघींनी मोबाईलवर अक्षता वाहिल्या.

"टाक नाव," सासूबाई म्हणाल्या. "अन् उद्याचा वर्ग कितीले आहे, इचारून ठेव. दूध आधीच तापवू."

माईक अजून चालूच होता. सरांनी वेळ सांगितली.