कापसात हरवलो, बर्फात नाही

मी बोलतोय, चामराजपेटेतल्या परसूअण्णांच्या दुकानातून. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, पिवळा. माझं काम एकच. बर्फाचा लोंढा येऊन माणूस गाडला गेला, तर त्याच्या छातीवरून मी दर सेकंदाला हाक मारायची. ती कानांना ऐकू येत नाही, माझ्यासारख्या दुसऱ्या यंत्रालाच येते.

अण्णा मूळचे निपाणीचे. तंबू, दोर, बूट भाड्यानं देतात. बर्फ त्यांनी फ्रिजमध्येच पाहिलाय; पण माझ्यासोबत आलेलं पुस्तक त्यांनी शब्दकोश घेऊन वाचलं आणि डोंगरातल्या वाटाड्यांना फोन करकरून पिडलं. तेव्हापासून दुकानाचा नियम आहे. शेजारच्या गादीवाल्याच्या कापसात अण्णा मला लपवतात. शोधा, मगच घेऊन जा.

गेल्या एप्रिलात शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बेळ्ळंदूरहून ध्रुव आणि वल्लरी आले, नवराबायको. हिमाचलातली एक खिंड ओलांडायची होती.

"अण्णा, दोघांत एक पुरे ना?" ध्रुवनं विचारलं.

"लपंडाव एकट्यानंच खेळता काय, साहेब? एक लपणार, एक शोधणार. दोन लागतात की."

माझं भावंड हातात धरून ध्रुव कापसात शिरला. त्याच्या पडद्यावरचा बाण कधी दाराकडे, कधी छताकडे. त्याच्या खिशात मोबाइल चालू होता, त्यानं भावंड गोंधळत होतं. मी खाली वाट बघत पडलेला. अकरा मिनिटं लागली.

अण्णांनी त्याच्या केसांतला कापूस झटकला. "मोबाइल बंद ठेवा. आणि गाडलेल्याला दहा मिनिटांच्या आत काढावं लागतं, म्हणून गाडलंच जाऊ नका. या दिवसांत बर्फ रात्री गोठतो, ऊन चढलं की सुटतो. पहाटे ओलांडा. स्वल्प उशीर झाला तरी मागं फिरा."

"सरी, अण्णा, तसंच करू," वल्लरी म्हणाली.

पण ध्रुवची जाग ऑफिसच्या वेळेची. आम्ही खिंडीखालच्या उताराशी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पाय गुडघाभर रुतत होते, वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत होते. मी वल्लरीच्या जॅकेटखाली. तिची धडधड मला कळत होती.

"दहा मिनिटांत पलीकडे असू," ध्रुव म्हणाला. "आज नाही गेलो तर पलीकडचं तळं राहील."

"राहू दे. तुला कापसात अकरा मिनिटं लागली, ध्रुव. बर्फात मला तेवढी मिळणार नाहीत."

तो चिडला, पण फिरला.

अडीचच्या सुमाराला तंबूपुढे चहा उकळत होता, आणि समोरचा अर्धा उतार ओल्या सिमेंटसारखा खाली आला. आमच्या पावलांच्या खुणांसकट. ध्रुवनं कप खाली ठेवला आणि वल्लरीचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला तोच आधी उठला. कडक गोठलेल्या बर्फावरून आधी एकटी वल्लरी गेली. ती पलीकडे पोचेपर्यंत तो तिच्यावरून नजर न काढता उभा होता. मग तो निघाला.

आता मी फळीवर आहे, सेल काढून ठेवलेले. परवा एका गिऱ्हाइकानं विचारलं, "यानं आजवर किती जणांना वाचवलं?"

"एकालाही नाही," अण्णा समाधानानं म्हणाले.

मंडळी, मला छातीशी जरूर बांधा, पण माझ्या भरवशावर उतारावर पाऊल टाकू नका. माझी हाक कुणाच्या कामी न येता मी म्हातारा व्हावं, एवढीच माझी हौस आहे.