गणपतीपर्यंत जांगड

मी एक जुना सायकल ट्रेनर आहे. मित्रांनो, हे नाव ऐकून शिट्टीवाले कोणी गुरुजी डोळ्यांसमोर आणू नका. मी एक यंत्र आहे. सायकलचं मागचं चाक काढायचं, तिला माझ्यावर बसवायचं आणि घरातल्या घरात पाय मारायचे. सायकल जागची हलत नाही. पण मोबाइलच्या पडद्यावर चढण आली की माझ्या पोटातलं चुंबक एका जड लोखंडी चाकाला धरून ठेवतं आणि बसणाऱ्याच्या मांड्या भरून येतात. म्हणून मला 'स्मार्ट' म्हणतात. हे विशेषण मी स्वतः लावून घेतलेलं नाही, पण नाकारलंही नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते खोकं, थर्माकोल आणि बोटीतला लांबलचक अंधार. सगळी माणसं घरात कोंडली गेली त्या वर्षी मी कल्याणला शेखर साहेबांच्या घरी आलो. ते मूळचे मुरबाडचे, नोकरीसाठी कल्याणात राहिलेले. रोज सकाळी माझ्यावर बसून घामाने निथळायचे आणि मित्रांना फोनवर आकडे सांगायचे. मित्र वाहवा करत. मला वाटे, यातली निम्मी वाहवा माझी आहे. नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे नऊ महिने झाले, हे कबूल केलं पाहिजे. मग घरांची दारं उघडली, ऑफिस सुरू झालं आणि माझी रवानगी बाल्कनीत झाली. तिथे माझ्या अंगावर कढीपत्त्याची कुंडी ठेवली गेली. कुंडीला रोज पाणी मिळे आणि त्यातलं थोडं माझ्या सांध्यांत उतरे. तीन-चार वर्षं अशीच गेली. मला वाईट वाटलं, आणि रागही आला.

मग शेखर साहेबांनी मला विकायला काढलं आणि एका आषाढातल्या रविवारी शहापूरजवळच्या सापगावचे चंदरभाऊ मला बघायला आले. सोबत त्यांची मुलगी भूमिका होती, शहापूरच्या कॉलेजात शिकणारी. आदल्या वर्षी तिने जिल्ह्याची सायकल शर्यत जिंकली होती. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तानसा रस्त्यावरच्या चढणीवरून खाली उतरताना पाण्याने भरलेल्या खड्ड्यात तिचं पुढचं चाक गेलं आणि खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड जुळलं. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिची आई सरिता म्हणाली होती, पावसात रस्त्यावर जायचं नाही. इकडे राज्याच्या संघाची निवड दिवाळीनंतर होती, आणि पावसाळाभर बसून राहिलं तर पाय कुठून आणायचे? म्हणून ती दोघं माझ्यापुढे उभी होती.

चंदरभाऊंनी मला खरेदी करण्याआधी बैलासारखं पारखलं. भोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीवर थाप मारली, वाकून माझी दातेरी चक्रं पाहिली.

"दात बरे हायेत," ते म्हणाले. "सांदे जरा आखडलेत."

मित्रांनो, इतक्या वर्षांत कोणी माझ्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

हौसेची खरेदी त्यांना परवडणारी नव्हती. शेवटचा बैल त्यांनी गेल्या म्हसाच्या जत्रेत विकला होता आणि आलेला पैसा पुढच्या जत्रेत नवा बैल घेण्यासाठी राखून ठेवला होता. मला घेतलं तर बैल येणार नव्हता.

"बैल जुंपून बगितल्याबिगर आमी घेत नाय," ते शेखर साहेबांना म्हणाले. "ह्याला गणपतीपर्यंत जांगड नेतो. चालला तर ठेवतो, नाय तर हाय तसा आणून देतो."

आधी वापरून बघायचं आणि पटलं तरच घ्यायचं, याला जांगड म्हणतात. शेखर साहेब हसले आणि तयार झाले.

आता इथे एक गंमत झाली. बैल विकला तरी त्याचं दावं विकणाऱ्याने देऊ नये, दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते, अशी आपल्याकडची रीत. घेणारा आपलं दावं घरून घेऊन येतो. चंदरभाऊंनी माझी विजेची वायर काढली, नीट गुंडाळली आणि शेखर साहेबांच्या हातात दिली. शेखर साहेबांचे वडीलही म्हसाच्या जत्रेत बैल विकत. त्यांनी ती वायर निमूट घेतली आणि भिंतीच्या खुंटीला अडकवली. भूमिका तेव्हा खाली टेम्पोवाल्याला रस्ता दाखवत होती. मी कळवळून ओरडलो असतो, पण मला तोंड नाही.

सापगावात मला रिकाम्या गोठ्यात, बैलाच्या जागेवर उभं केलं. भूमिकाने सायकल चढवली, मोबाइल लावला आणि बोर्डाकडे बघितलं.

"बाबा, वायर कुठंय?"

"ती होय? तेंची तेंच्यापाशी ठेवली."

भूमिका आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग इतकी हसली की आई बाहेर आली. दुसऱ्या दिवशी चंदरभाऊ कल्याणला जाऊन वायर घेऊन आले. शेखर साहेबही म्हणाले, माझंही चुकलं, हात आपोआप पुढे झाला.

त्यानंतर आमची जोडी जमली. भूमिकाने माझ्या सांध्यांना तेल दिलं, गंज घासून काढला. पहाटे एक तास आणि कॉलेजातून आल्यावर एक तास ती माझ्यावर असे. पहिल्या आठवड्यात ती वीस मिनिटांत धापा टाकायची. श्रावण लागेपर्यंत मी सगळा जोर लावून चाक धरलं तरी ती खाली उतरत नव्हती. शेजारचे काळूराम काका गोठ्यात डोकावून म्हणत, "चंदर, बैलाच्या जागी ह्यो काय बांदला रे? घाण्याचा बैल नुसता. दिसभर चालंल नि आसंल तितंच."

"काका, तेल घाण्यातूनच निघतं," भूमिका पाय न थांबवता म्हणाली. मला तिचा अभिमान वाटला.

पण एक गोष्ट होती, ती फक्त मलाच ठाऊक आहे असं मला वाटे. पडद्यावर उतार आला की तिची बोटं ब्रेकवर जात. मागचं चाक नाही, सायकल जागच्या जागी, खाली शेणाने सारवलेली जमीन, आणि ही घट्ट ब्रेक दाबून डोळे मिटून घ्यायची. "आई सोडत नाय म्हणून रस्त्यावर जात नाय," असं ती मैत्रिणींना सांगे. पाय मी तिला देत होतो. उतार मात्र माझ्याकडे नुसता चित्रातला होता.

गणपती दोन दिवसांवर आले. दुपारी पाऊस लागला होता. भूमिका पडद्यावरची सर्वांत मोठी चढण चढत होती, शेवटचा टप्पा राहिला होता, आणि वीज गेली. वीज गेली की माझं चुंबक सुटतं आणि पाय रिकामे फिरतात. ती नेमकं जिथे जोर पाहिजे तिथे पोकळीत पाय मारत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चंदरभाऊ गव्हाणीवर टेकून बघत होते. आज त्यांना ठरवायचं होतं. ते म्हणाले, "म्हसाच्या जत्रेत बैल कसा घेतात म्हायती हाय ना? भरल्या गाडीला जुंपून टेकाडावर नेतात. चढाला सगळेच जोर लावतात. उताराला गाडी धरतो तो बैल."

ते माझ्याविषयी बोलत होते की तिच्याविषयी, हे तिला न सांगता कळलं. ती उतरली. सायकल माझ्यावरून काढली, मागचं चाक बसवलं, हेल्मेटचा पट्टा आवळला.

"तानसा रस्त्याला जाते," ती म्हणाली.

चंदरभाऊंनी मोटारसायकल काढली आणि दिवा लावून तिच्या मागे निघाले. सरिता दारात आली तोवर दोघं वळणाआड गेली होती.

सरिता गोठ्यात येऊन माझ्या शेजारी बसली. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि आम्ही दोघं घाबरलो होतो. त्या तासाइतका लांब तास मी बोटीतही काढला नाही.

ती दोघं आली तेव्हा भूमिका डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखली होती.

"कुटं पडलीस गो?" सरिताने विचारलं.

"पडली नाय. चाकानं उडवलाय," चंदरभाऊ म्हणाले. "तोच चढ, तोच उतार. मी मागं होतो. एकदा पन पाय टेकला नाय तिनं."

सरिताने मुलीचा खांदा चाचपून पाहिला आणि मग माझ्याकडे बोट केलं. "मंग आता रस्त्यावरच जायाचं आसंल तर हा कशाला? देऊन टाका परत. बैल तरी यील."

प्रश्न बरोबर होता.

"आई, मी खोटं बोलत होते," भूमिका म्हणाली. "तू सोडत नाय असं सगळ्यांना सांगायची. तू सोडलं असतंस तरी मी गेली नसती. मलाच भ्या वाटत होतं, ते मी तुझ्या नावावर खपवलं. पाय मला ह्यानं परत दिले. भ्या ह्याच्यानं गेलं नसतं, ते रस्त्यावरच जाऊन टाकायला लागलं. पन पाय नसते तर त्या चढावर पोचले तरी असते का? मला दोनी पायजेत, हा पन नि रस्ता पन. बैल येत्या नाय, त्याच्या पुढल्या जत्रेत घेऊ."

सरिताने पदराने तिच्या तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाली, "पावसात जाशील तवा सांगून जा. मी नाय म्हननार नाय. मी पन भ्याले होते, ते तुझ्या काळजीच्या नावावर खपवत होते."

दुसऱ्या दिवशी चंदरभाऊ शेखर साहेबांचे पैसे चुकते करून आले.

मित्रांनो, मला विकत घ्यावं की नाही, असा प्रश्न उद्या तुमच्याही घरी पडेल. आधी मला जुंपून बघा, आणि स्वतःलाही. रोज बसायची जिद्द नसेल तर मला नेऊ नका. नेलंत तर घाम पुसा, तेल द्या, आणि नकोसा झालो तर अडगळीत न टाकता गरजवंताच्या हाती द्या. आणखी एक विनंती आहे. आमच्यावर मेहनत करा, पण आमच्या आडोशाला लपून राहू नका.

निवडीची शर्यत दिवाळीनंतर आहे. ती निवडली जाईल की नाही, मला सांगता येत नाही. मी तिथे नसेन, माझी जागा या गोठ्यात आहे. पण तिथल्या चढावर तिच्या पायांत जो जोर असेल त्यातला थोडा माझा असेल, आणि उतारावरचं धाडस सगळंच्या सगळं तिचं असेल.