समेटाचा चहा

नाताळच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, धुळाप्पाच्या कारखान्यात चहा आला आणि तिथंच सगळं बिनसलं.

तसं पाहिलं तर बोलावणं भांडण मिटवायलाच होतं. कुंभारीच्या रस्त्याला धुळाप्पाचा टॉवेलचा कारखाना. त्याची विधवा चुलती राजाबाई मागच्या वर्षी मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथात गेली, आणि यंदा नाताळ म्हणून तिनं दारावर कागदाची चांदणी टांगली. धुळाप्पाचा धाकटा भाऊ तिप्पण्णा सकाळीच आला आणि ती ओढून फाडली. म्हातारी आडवी गेली. त्यानं ढकललं. ती उंबऱ्यावर आपटली आणि तिचा हात मोडला.

प्लास्टर घालून तिला घरी आणलं, तेव्हापासून पंथाची दोन पोरं तिच्या उशाशी बसून होती. पांढरे शर्ट, टाय, खिशावर काळी नावपट्टी. एक अनिलकुमार, राजमहेंद्रीचा, वीस वर्षांचा. दोन वर्षं घरदार सोडून धर्माच्या कामाला निघालेला. दुसरा शिवयोगी, हुबळीचा, वर्षभरानं मोठा. जोडीनंच राहायचं, जोडीनंच हिंडायचं, एकमेकांना एल्डर म्हणायचं, चहा-कॉफीला शिवायचं नाही, असे त्यांचे नेम. अनिलकुमार नेम पाळायचा तो आईला शब्द दिला होता म्हणून. शिवयोगीची गोष्ट वेगळी. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी बापानं त्याचं अंथरूण रस्त्यावर टाकलं होतं. नेमाशिवाय त्याच्यापाशी आपलं म्हणावं असं काही उरलंच नव्हतं.

दुपारी त्या दोघांना धुळाप्पाचं बोलावणं आलं. "जावा बाबांनो," राजाबाई म्हणाली. "धुळाप्पाच्या मनात काळं न्हाय. तुमी नुसतं व्हय व्हय म्हना."

कारखान्यातले माग बंद होते. दोन्ही बाजूंना कामगार उभे, मधे तीन खुर्च्या. दाराशी तिप्पण्णा टेकून उभा, ओठ मुडपून. धुळाप्पा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"चुलतीचा हात मोडला ते वाईट झालं. चूक आमच्या घरची. तुमी बी तिच्या घरात गानी म्हंताय ती जरा बारीक आवाजात म्हना. मिटलं. घ्या, चा घ्या."

स्टुलावर कपबश्या आल्या. शिवयोगीनं हात जोडले.

"माफ करा काका. आम्ही चहा घेत नाही."

कामगारांच्या माना धुळाप्पाकडं वळल्या.

"बघ दादा!" तिप्पण्णा दारातून पुढं आला. "म्हातारीच्या घरी गिळतेत. आपल्या हातचं तेवढं चालत न्हाय."

"तसं नाही," शिवयोगी म्हणाला. "नेम आहे आमचा."

"चा न पिण्याचा नेम? कुठल्या देवानं घातला रं? का तुमच्या देवाला दूधच मिळत न्हाय?"

कुणीतरी फिसकन हसलं. अनिलकुमारही कसनुसा हसला. हसण्यावारी जाईल, असं त्याला वाटलं. धुळाप्पा मात्र हसत नव्हता. चार माणसांदेखत त्यानं मान खाली घातली होती आणि ही कालची पोरं त्याचा कप परत करत होती.

"म्हंजे मिटवायचं न्हाय तुमाला," तो म्हणाला. उठला, आणि त्यांच्याकडं पाठ करून भिंतीला तोंड करून उभा राहिला.

तिप्पण्णाला एवढंच हवं होतं. मागावर धाग्याची कांडी घेऊन इकडून तिकडं पळतो तो लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. त्यानं तो उचलला आणि शिवयोगीच्या तोंडावर घातला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. शिवयोगी खुर्चीसकट मागं पडला. त्याचे दात टॉवेलच्या गठ्ठ्यावर पडले, आणि त्यांच्यामागून रक्ताची धार.

अनिलकुमार झेपावला. पण कल्लप्पा नावाच्या आडदांड विणकरानं मागून त्याचा टाय मुठीत गुंडाळला आणि पीळ दिला. दुसऱ्या कुणाचा ठोसा त्याच्या ओठावर बसला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. खाली तिघंचौघं शिवयोगीला तुडवत होते. पोटात, पाठीत, बरगडीत. एक बरगडी कडकन मोडलेली अनिलकुमारला ऐकू आली. शिवयोगीनं हात उगारला नाही, डोक्यावरसुद्धा धरला नाही. प्रार्थना म्हणत होता की कण्हत होता, कळत नव्हतं.

"मरतोय तो!" अनिलकुमार घुसमटत ओरडला. "सोडा त्याला!"

"मरंल की," कल्लप्पा त्याच्या कानाशी धापा टाकत म्हणाला. "येडे का खुळे रं तुमी? समेटाचा चा परत करतेत व्हय? घेतला असता तर हात लावायची कुनाची छाती झाली असती?"

तेव्हा कुठं अनिलकुमारच्या डोक्यात उजेड पडला. तो चहा पाहुणचाराचा नव्हताच. इथं भांडण तोंडानं मिटत नाही, कप रिकामा झाला की मिटतं. आणि त्या दोघांनी हात जोडून, गोड बोलून, भांडण चालू ठेवा म्हणून सांगितलं होतं.

"काका! चहा द्या! घेतो मी!"

"नको," खालून शिवयोगीचा आवाज आला. तोंडात रक्ताचा बुडबुडा. "एल्डर... नको. माझ्यासाठी नको."

"तू गप पड, शिवा!"

धुळाप्पा वळला. "दोगांनी घ्यायचा. त्याचा बी कप हाय."

"त्याचाही मीच पितो."

"असं कुटं असतंय?"

"जोडीदार आहे माझा. त्याचं तोंड राहिलंय का प्यायला?"

धुळाप्पानं खाली पाहिलं. मग कल्लप्पाला खूण केली. टाय सुटला.

चहा गार झाला होता, वर साय धरली होती. फाटलेल्या ओठाला कप लागला तशी कळ मस्तकात गेली. रक्त आणि चहा एकत्रच घशाखाली उतरले. पहिला कप संपवून त्यानं दुसरा उचलला. तो अर्ध्यावर आला असेल, तेवढ्यात मागं धप्प आवाज झाला. तिप्पण्णानं शिवयोगीच्या मोडक्या बरगडीवर आणखी एक लाथ घातली होती.

धुळाप्पानं भावाच्या हातातला धोटा हिसकला आणि त्याच्याच खांद्यावर हाणला.

"माझा चा ह्यांच्या पोटात गेलाय! आता हात लावतूस? माझ्या चाला हात लावतूस?"

तिप्पण्णा गुडघ्यावर आला. धुळाप्पा थांबेना. पाठीवर, दंडावर, मानेवर. भाऊ लहान पोरासारखा आई गं, आई गं करत होता. कल्लप्पानं धुळाप्पाला कवेत आवळून धरलं तेव्हा कुठं धोटा खाली पडला. कप हातात धरून अनिलकुमार बघत होता. प्रत्येक घावाला त्याला बरं वाटत होतं. आपल्याला बरं वाटतंय हे ध्यानात आलं, तेव्हा मार खाताना वाटली नव्हती एवढी भीती वाटली.

त्यानं उरलेला चहा संपवला.

धुळाप्पानंच रिक्षा बोलावली, स्वतः शिवयोगीला उचलून आत ठेवलं. "पोलिसात जायाचं तर जावा," तो घामेजल्या तोंडानं म्हणाला. "पर तुमच्या केसाला आता इतं कोन धक्का लावनार न्हाय."

रिक्षा सरकारी दवाखान्याकडं निघाली. कुठल्याशा चर्चच्या दारात पोरं येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यावर गवत अंथरत होती. शिवयोगीचं डोकं अनिलकुमारच्या मांडीवर होतं. डोळे सुजून मिटले होते.

"प्यायलास?" त्यानं विचारलं. शब्द नीट फुटत नव्हते.

"हो."

"माझा पण?"

"हो. तुझा पण."

शिवयोगीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मग त्यानं अनिलकुमारच्या हातातून आपला हात ओढून घेतला.

"माझा नेम होता," तो म्हणाला. "तुला कुणी सांगितलं होतं तो मोडायला?"

"शिवा, मारून टाकलं असतं तुला."

"मग मरू द्यायचं होतं."

खड्ड्यात रिक्षा आदळली, तसा तो कळवळला आणि त्याचा हात पुन्हा हवेत चाचपडू लागला. अनिलकुमारनं तो पकडला.

"सोड," शिवयोगी म्हणाला.

अनिलकुमारनं सोडला नाही.