सरलाबाईंची संमती

"मी गेले, असं नेमकं कुठे लिहिलंय ते दाखव," असं म्हणत सरलाबाईंनी कागद सुनेच्या पुढ्यात सरकवला आणि पदराने चष्मा पुसायला घेतला.

मीनाक्षीने एका ओळीवर बोट ठेवलं. मसाल्याच्या पाकिटावरचं नाव आणि चेहरा कंपनीच्या दिवंगत संस्थापिकेचा आहे, असं तिथे स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं. सरलाबाई जुन्या काळच्या बी.ए. होत्या. त्यांनी ती ओळ सावकाश दोनदा वाचली.

"दिवंगत," त्या म्हणाल्या. "आणि इथे बसून तुमचे मटार सोलतेय."

समोरच्या सोफ्यावर बसलेल्या समता मेश्रामला हसू आलं, पण वकील असल्यामुळे तिने ते गिळलं. परदेशातल्या ट्रेडमार्कची कामं ती बघायची. ही गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, हे ओळखून ती रविवारची मुद्दाम इंदिरापुरमला आली होती.

घोळ साधाच होता, आणि असा घोळ आपल्याच लोकांत होऊ शकतो. नोएडातल्या कारखान्यात, ऑफिसच्या दारावर, सरलाबाईंचा मोठा फोटो लावलेला होता. एका दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली तेव्हा कामगारांनी उरलेला हार त्या फोटोला घातला. तो सुकला, तर कुणीतरी भक्तिभावाने चंदनाचा हार आणून घातला. पुढे धवल ऑफिस सांभाळायला आला. तो रोज सकाळी त्या फोटोला अगरबत्ती ओवाळून मगच कॉम्प्युटर सुरू करायचा. अमेरिकेच्या अर्जासाठी समताच्या ऑफिसातून प्रश्न आला, की ही व्यक्ती हयात आहे का? धवलने मान वर करून फोटोकडे पाहिलं आणि उत्तर लिहिलं. मीनाक्षीने न वाचता सही केली. खरं म्हणजे त्या फोटोखालून तीही रोज जात होती, आणि तिलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

अमेरिकेतल्या तपासनिसाने मात्र कंपनीची वेबसाइट उघडली. तिथे सरलाबाईंच्या पंचाहत्तरीचे फोटो होते आणि त्यांना ओवाळणारी मीनाक्षीही होती. अर्ज नाकारला गेला, आणि उत्तर द्यायला ठरावीक मुदत मिळाली.

"काकू, हे दुरुस्त होतं," समता म्हणाली. "चूक कबूल करायची आणि सोबत तुमचं संमतीपत्र जोडायचं. तिथला नियमच आहे. जिवंत माणसाचं नाव किंवा चेहरा वापरायचा तर त्या माणसाची लेखी परवानगी लागते."

"म्हणजे मला विचारायला सांगितलंय?"

"हो. तुमची मर्जी असेल तरच."

सरलाबाईंनी संमतीपत्र हातात घेतलं. मीनाक्षीने पेनाचं टोपण काढून ठेवलं होतं. न्यूजर्सीतल्या दुकानांच्या एका साखळीला त्यांचा गोडा मसाला पसंत पडला होता. आधी नाव नोंदवून घ्या, मग माल उचलू, एवढीच त्यांची अट होती. नवरा गेल्यावर आठ बायका आणि एक चक्की एवढ्यावर मीनाक्षीने हा धंदा उभा केला होता, बँकांच्या पायऱ्या झिजवून भट्टीचं यंत्र आणलं होतं. आता एका सहीसाठी घोडं अडलं होतं, आणि ती सही तर घरातच होती.

"विचारलंय म्हणून सांगते," सरलाबाईंनी कागद परत ठेवला. "माझी संमती नाही."

मीनाक्षीला वाटलं, सासूबाईंना राग आला. जिवंतपणी हार घातल्यावर कुणालाही येईल.

"आई, धवल नवीन आहे हो. मी त्याला उद्याच तुमची माफी मागायला…"

"त्या पोराचं काय चुकलं? फोटो बघून त्याला जे वाटलं ते त्याने लिहिलं." सरलाबाई उठल्या, स्वयंपाकघरातून पितळी डबा घेऊन आल्या आणि समताच्या समोर उघडून धरला. "वास घे. आपल्याकडची आमटी याची असते. आता हिला विचार, पाकिटातला मसाला या घरात शेवटचा कधी आला होता."

मीनाक्षीने आठवून पाहिलं. आलाच नव्हता. सासूबाई वर्षातून दोनदा घरचा मसाला करायच्या, डबा भरलेला असायचा, आणि कारखान्याची मालकीण इतकी वर्षं तोच मसाला चवीने खात होती.

"दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी हा करायची तेव्हा बंगाली, मद्रासी, सगळ्या शेजारणी डबे घेऊन यायच्या," सरलाबाई समताला सांगत होत्या. "दगडफूल तेलात वेगळं परतायचं, तीळ वेगळे, खोबरं वेगळं. प्रत्येकाची वेळ वेगळी असते. यांच्या यंत्रात सगळं एकदम जातं आणि एकदम बाहेर येतं. तो मसाला वाईट नाही. पण माझा नाही."

"तुम्ही कधी बोलला नाहीत," मीनाक्षी म्हणाली.

"यंत्र आलं त्या दिवशी बोलले होते. तू म्हणालीस, आई, आता तुम्ही आराम करा."

हे ती म्हणाली होती. प्रेमानेच म्हणाली होती. पण त्यानंतर सासूबाईंनी कारखान्यात पाऊल टाकलं नव्हतं, आणि तिनेही कधी या म्हटलं नव्हतं. मीनाक्षीला मनापासून लाज वाटली.

जाताना समताने तिला दाराशी थांबवलं.

"ताई, प्रॅक्टिकल बोलू? दुसरं नाव घ्या, चेहरा काढा, नवा अर्ज करू. रांगेत पुन्हा शेवटी उभं राहावं लागेल, पण कुणाच्या सहीसाठी अडणार नाही. हे नाव धरून बसलात आणि काकू नाहीच म्हणाल्या, तर मुदत संपल्यावर हातात काहीच राहणार नाही."

"विचार करून सांगते," मीनाक्षी म्हणाली.

सोमवारी सकाळी ती सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"आई, कारखान्यात येता? काम आहे."

सरलाबाईंनी कपाटातून सुती साडी काढली.

धवल अगरबत्ती पेटवत होता. दारात साक्षात सरलाबाई बघून त्याचा हात जागच्या जागी राहिला.

"जिंदा हूँ, बेटा," त्या म्हणाल्या. "तू काम कर अपना."

मीनाक्षीने भट्टीचं यंत्र बंद करायला सांगितलं. मोठ्या कढया मागवल्या, गॅसच्या शेगड्या मांडल्या. दिल्लीतल्या वितरकांचे फोन आले, तर माल उशिरा मिळेल असं तिने सरळ सांगून टाकलं. कामगार बायका आधी कुजबुजल्या, मग पदर खोचून कढयांपाशी बसल्या. पहिला घाणा सरलाबाईंनी चिमटीत धरून हुंगला आणि बाजूला सारला. दुसऱ्या दिवशीचाही सारला. "खोबरं घाईत काढलंत," एवढंच म्हणाल्या. मीनाक्षीच्या बोटाला चटका बसला, डोळे चुरचुरत होते, आणि एकदा तर वाटलं, की ही म्हातारी आपला सूड उगवतेय. पण घरी आमटी-भाताचा पहिला घास घेतला की तिला कळायचं, की म्हातारीचंच बरोबर आहे.

आठवडा संपत आला तेव्हा समताचा फोन आला. मीनाक्षीचे हात तेलाने माखले होते, म्हणून धवलने फोन स्पीकरवर लावून तिच्यापुढे धरला.

"ताई, काय ठरलं? नव्या नावाने करायचा ना अर्ज?"

"नाही," कढईतलं दगडफूल हलवत मीनाक्षी म्हणाली. "नाव हेच राहील. उत्तराला मुदतवाढ मिळते म्हणालीस ना, ती माग."

"मागते. पण काकूंची सही?"

"मिळेल."

"मिळेलच असं नाही," शेजारच्या स्टुलावरून सरलाबाई म्हणाल्या.

धवलने घाबरून दोघींकडे पाहिलं.

"माहीत आहे," मीनाक्षी म्हणाली. तिने गॅस बारीक केला आणि झारा सासूबाईंपुढे धरला. "हे आता काढू का, आई?"

सरलाबाई कढईवर वाकल्या.

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

मीनाक्षी थांबली.