घंगाळातली टर्की

विजयमालाच्या हातचं खाऊन कुणाचं पोट बिघडलं असतं, तर लोकांनी डॉक्टरला बोलावण्याआधी तिची जात काढली असती. हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

सोलापुरातलं ते मुलींचं वसतिगृह अमेरिकेहून आलेल्या हार्टमनबाई चालवत. विजयमाला तिथं आली ती झाडायला. मग एका उन्हाळ्यात आधीची स्वयंपाकीण गावी गेली ती परतलीच नाही. हार्टमनबाईंनी विजयमालाच्या हातातला झाडू काढून झारा दिला. त्याच आठवड्यात काही आया आल्या आणि आपापल्या पोरींच्या ट्रंका उचलून घेऊन गेल्या. 'बौद्ध म्हणजे कोण ते आम्हाला कळतंय,' असं एकीनं फाटकात उभं राहून ऐकवलं. विजयमालानं तिच्याकडं नीट बघून घेतलं आणि आत जाऊन आमटीला फोडणी दिली. तेव्हापासून तिच्या चुलीवरचं खाऊन एका पोरीला करपट ढेकरसुद्धा आला नव्हता. पाणी उकळलेलं, भांडी राखेनं घासलेली, नखं मुळापासून काढलेली. लोक याला स्वच्छता म्हणत. ती याला पहारा म्हणत असे.

चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात हा पहारा मोडायची वेळ आली. हार्टमनबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि कायमच्या मायदेशी निघाल्या होत्या. त्यांच्या शेवटच्या नाताळाला वसतिगृहाच्या कमिटीची मंडळी जेवायला यायची होती आणि त्याच जेवणावर पुढं स्वयंपाकघर कुणी चालवायचं ते ठरायचं होतं. सुपरिंटेंडंट रावसाहेबांनी पुण्याची एक बाई हेरून ठेवली होती. 'चांगल्या घरातली आहे,' असं ते विजयमालाच्या देखत म्हणत. म्हणजे विजयमाला कुठल्या घरातली, ते वेगळं बोलावं लागत नसे. पुण्याची बाई आली की विजयमालाच्या हातात परत झाडू. सरळ हिशेब.

अशात मुंबईहून बाईंच्या ओळखीच्या कुणीतरी रेल्वेनं लाकडी खोकं पाठवलं. भुसा उपसला, बर्फ बाजूला केला, तर आत धोंड्यासारखा कडक, डोकं नसलेला पांढराफटक पक्षी.

"ही कोंबडी हाय का वासरू?" विजयमालाची सासू येसूबाई म्हणाली. सणासुदीला ती सुनेच्या मदतीला येत असे.

"टर्की म्हणत्यात, आत्याबाई. अमेरिकेत नाताळाला हेच लागतं."

"आन् मेली कवा ही?"

"म्हैना झाला आसंल."

"म्हैना!" येसूबाईनं कानावर हात ठेवले.

हार्टमनबाईंनी विजयमालाला फ्रिजपाशी नेलं. मराठी त्या पुस्तकातल्यासारखी बोलत, पण शब्दाला चुकत नसत. "विजयमाला, हिला हळू हळू सैल होऊ द्यायचं. फ्रिजच्या आतच, सगळ्यात खाली, परातीत, म्हणजे हिचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळणार नाही. ओट्यावर ठेवायची नाही. उन्हात नाही. चुलीजवळ तर नाहीच. वरून ऊब आणि आत बर्फ अशी राहिली, तर वरच्या मांसात विष तयार होतं. त्याला वास नसतो. आणि ते सगळंच उकळून जातं असंही नाही. आमच्याकडे यामुळे माणसं दवाखान्यात जातात."

"आन् सणाच्या दिवशीबी आत कडक राह्यली तर?"

"तर गार पाण्यात बुडवायची. गार! आणि ते पाणी पुन्हा पुन्हा बदलायचं."

विजयमालानं सगळं डोक्यात पक्कं बसवलं. दही, लोणी, बाईंच्या औषधाच्या बाटल्या बाहेर काढल्या, फ्रिज सोड्यानं पुसला आणि टर्की परातीत घालून खाली बसवली. रोज ती दार उघडून मांडीवर बोट दाबून बघे. बोट दिवसागणिक थोडं जास्त रुतत होतं. सगळं मनासारखं चाललं होतं. एवढंच, की हे तिनं स्वतःपाशी ठेवलं. माझं स्वयंपाकघर, माझं काम, दुसऱ्याला कशाला सांगायचं, या ताठ्यात ती होती. आणि तिथंच घोळ झाला.

नाताळाच्या आदल्या दिवशी मोहोळच्या बायकांनी हार्टमनबाईंना निरोपाला बोलावलं. बाई म्हणाल्या, विजयमाला, तू पण चल. सुट्टीमुळं वसतिगृहात चार-दोनच पोरी होत्या. त्यांच्या भाकरीला येसूबाई होती. विजयमाला सकाळच्या गाडीनं गेली.

मागं येसूबाईनं फ्रिज उघडला. टर्कीच्या पोटात हात घातला तर आत अजून बर्फाचा गोळा. उद्या सकाळी ही चुलीवर चढणार आणि अजून आत दगड! सून आपली मोहोळला हार-तुरे बघत बसली. म्हातारीचा जीव सुनेसाठी कळवळला. हातावर हात धरून बसणारी ती बाई नव्हतीच.

येसूबाईचं माहेर केमचं. तिच्या लहानपणी गावात जनावर मेलं की ते ओढायचं काम महारवाड्याचं, आणि मजुरी म्हणून तेच मांस. एका दिवसात संपायचं नाही म्हणून त्याच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवायच्या. त्या चान्या. पावसाळ्यात घरात दाणा नसला की मडक्यातल्या चान्या काढायच्या, कोमट पाण्यात घालायच्या, चुलीच्या कडेला झाकून ठेवायच्या. संध्याकाळपर्यंत मऊ. छप्पन्न साली धर्म बदलला तेव्हा हे सगळं सोडलं. पण हात कसा विसरेल? भुकेनं शिकवलेलं कुणी विसरत नाही. आणि तिचं चुकीचंही नव्हतं. वाळलेल्या मांसात पाण्याचा थेंब नसतो, त्यामुळं ते सडत नाही, कोमट पाण्यात ते नुसतं फुगतं. फक्त हे मांस वाळलेलं नव्हतं. गोठलेलं होतं.

तिनं तांब्याचं घंगाळ घेतलं, बंबातलं कोमट पाणी ओतलं, टर्की बुडवली, वर परात झाकली आणि घंगाळ चुलीच्या उबेला सरकवलं. पाणी निवलं की परत कोमट घातलं. दिवसभर.

दिवेलागणीला विजयमाला परतली.

"ये, बघ," येसूबाई परात उचलत म्हणाली. "लोन्यावानी केलीया का न्हाय?"

विजयमालानं घंगाळात हात घातला. कातडं अंगासारखं उबदार. पोटात हात घातला. आतही कोमट. तिनं हात बाहेर काढला, साबणानं कोपरापर्यंत धुतला.

"कवापासनं हाय ही पान्यात?"

"तू गेलीस तवापासनं. का गं?"

"गेली मंग ही. टाकायची."

"काय टाकायची?" येसूबाईनं टर्कीला नाक लावलं. "वास न्हाय, काय न्हाय. ताजी फडफडीत हाय."

"ह्याला वासच येत न्हाय, आत्याबाई. त्येच तर वंगाळ हाय."

"आगं, आमी काय काय खाल्लंय आन् जगलोय! मी आत्ता हिचा तुकडा भाजून खाते तुज्यासमोर. मला काय झालं न्हाय तर मंग घालशील का न्हाय?"

"तुमास्नी काय झालं न्हाय म्हनून उद्या पंधरा मान्सांनी खायचं? आन् त्यातल्या एकाला झालं तर?"

आवाज ऐकून रावसाहेब आले. घंगाळाकडं बघून त्यांनी कपाळाला हात लावला. टर्कीचा बोभाटा त्यांनीच गावभर केला होता. "टाकायची? वेड लागलंय का? चांगली शिजव, मसाला सढळ घाल. आगीपुढं काय टिकतंय? आणि कळणार कुणाला?"

"पोटाला कळंल की."

"उद्या कमिटी विचारेल टर्की कुठं आहे. काय सांगणार?"

"टाकली म्हनून सांगनार."

"मग तुझं काय होईल ते तुला ठाऊक."

"ठाऊक हाय. त्यांचं पोट बिघडल्यावर माझं काय हुईल, तेबी ठाऊक हाय, सायेब."

हार्टमनबाईंना तिनं जाऊन सगळं सांगितलं. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुझं स्वयंपाकघर, तुझा निर्णय." त्यांनाही ती टर्की हवी होती.

विजयमालानं परसात कुदळीनं खड्डा खणला. येसूबाई कडेला उभी. दुष्काळ सरून दीडच वर्ष झालं होतं. दुष्काळात वाटलेल्या मुठीएवढ्या सुकडीसाठी रांगेत ढकलाढकली करणारे हात म्हातारीच्या डोळ्यांपुढं होते. आणि ही सून हत्तीएवढा पक्षी मातीत घालत होती.

"कुत्र्यास्नी तरी घाल."

"कुत्र्यापुढं टाकलं तर मागनं मानूसबी उचलंल. गरिबाचं पोट काय लोखंडाचं आस्तंय?" असं म्हणून तिनं टर्कीवर फिनेलची बाटली उपडी केली. मग माती लोटली. येसूबाईनं तोंड फिरवलं.

मग घंगाळ, परात, ओटा, चुलीपुढची फरशी, सगळ्यावर उकळतं पाणी आणि सोडा. फडकं जाळलं. येसूबाई कोपऱ्यात बसली होती. घासता घासता विजयमाला तिच्यापुढं उकिडवी बसली.

"आत्याबाई, बाईंनी मला सगळं सांगितलं हुतं. मी तुमास्नी न्हाय सांगितलं. येवढी हुशार मी! आता उठा. उद्याचा रस्सा तुमच्या हातचा."

"आता कशाला माजा हात?"

"त्यो हात काय फिनेलात गेला न्हाय. उठा."

विजयमालाचा नवरा कुंडलिक पहाटे सायकलवर कुंभारीला गेला आणि गावठी कोंबड्या जिवंत घेऊन आला. सकाळी कापल्या आणि लगेच चुलीवर चढवल्या. काळा मसाला, सुकं खोबरं, वाटलेले तीळ. वास फाटकापर्यंत गेला. मांडीचा सांधा बोटांनी सुटेपर्यंत विजयमालानं पातेलं उतरू दिलं नाही.

दुपारी मंडळी टेबलाला बसली. कमिटीच्या अध्यक्ष वच्छलाबाई होत्या, निवृत्त हेडमास्तरीण. त्यांच्या नजरेला अजून अख्खा वर्ग घाबरला असता. रावसाहेब उभे राहिले.

"टर्की मुंबईहून निघाली होती. पण रेल्वेच्या लोकांनी हेळसांड केली, इथं आली ती खराबच. म्हणून आज साधंच जेवण आहे."

विजयमाला पातेलं घेऊन दारात होती. खोटं तिच्या फायद्याचं होतं. गप्प राहिली असती तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण रावसाहेबांच्या खोट्यावर आज तिची चूल वाचली असती, तर उद्यापासून ती त्यांच्या मर्जीवर पेटली असती. तिनं पातेलं टेबलावर ठेवलं.

"रेल्वेचं काय चुकलं न्हाय. टर्की चांगली आलती. माझ्या सैपाकघरात बिघडली. दिसभर कोमट पान्यात राह्यली, म्हनून मी पुरली. ह्या कोंबड्या आज सकाळी कापल्यात. खायाचं त्यांनी खावं, न्हाय त्यांनी उठावं."

रावसाहेब खाली बसले.

तेवढ्यात मागून येसूबाई पदराला हात पुसत पुढं आली. "ही कशाला अंगावर घेतीया? पान्यात मी घातली. आमी चान्या अशाच भिजवायचो. बर्फातलं मांस आमच्या बापजाद्यांनी कवा बघितलं?"

'चान्या' हा शब्द त्या टेबलावर कधी कुणी उच्चारला नव्हता. कमिटीतले एक गृहस्थ छताकडं बघू लागले. विजयमाला त्यांच्याकडंच बघत राहिली, त्यांची नजर खाली येईपर्यंत.

वच्छलाबाईंनी चष्मा सारखा केला. "विजयमाला, ती तशीच शिजवून वाढली असतीस तर आम्हाला कळलं असतं?"

"उद्या सकाळी कळलं आस्तं. संडासात. आन् मंग तुमी टर्कीला शिव्या दिल्या नसत्या, मला दिल्या आस्त्या."

वच्छलाबाईंच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी पातेल्यातून रस्सा वाढून घेतला, भाकरी मोडली, बुडवली, तोंडात घातली. मग बाकीच्यांचे हात सुटले. बराच वेळ नुसतं जेवणच चाललं होतं.

"रावसाहेब," वच्छलाबाई म्हणाल्या, "पुण्याला कळवून टाका, येऊ नका म्हणून."

हार्टमनबाईंनी मान खाली घालून डोळे पुसले. विजयमाला जागची हलली नाही.

"येवढ्यावर भागत न्हाय, बाई."

"आणखी काय?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"पालक भेटाय येत्यात त्या दिवशी रावसायेब मला मागच्या खोलीत बसवत्यात. कोन रांधतं, ते दिसू न्हाय म्हनून. आता मी म्होरं हुभी राहनार. बघू द्या त्यास्नी. ज्येला पोर न्यायची त्येनं न्यावी."

"पोरी कमी होतील," रावसाहेब पुटपुटले.

"होतील," हार्टमनबाई म्हणाल्या.

वच्छलाबाईंनी हाड ताटाच्या कडेला ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या पाहुण्यांतल्या दोन पोरी त्या वसतिगृहात होत्या, हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं.

"होऊ द्या," त्या म्हणाल्या. "उभी राहा तू."

विजयमाला आत आली. येसूबाई तव्यावर भाकरी टाकत होती. "आगं, इतकं फाडफाड बोलत्यात व्हय मोठ्या मान्सांफुडं? आन् त्या चष्मेवालीच्या ताटातला रस्सा कवाच सपलाय, त्ये कोन बघनार?"

विजयमालानं चुलीवरच्या रश्श्यात पळी बुडवली, भांडं भरून घेतलं आणि ती पुढच्या दारानं परत बाहेर गेली.