एपिफानिओचा खोकला

कोरिनला देल्फिनाने घरात ठेवून घेतलं, ते संस्थेच्या लोकांनी फारच गळ घातली म्हणून. पोरगी अमेरिकेतून स्वयंसेवक व्हायला आलेली, अजून शिकाऊच. मांदिओका सोलायला बसली की निम्मा कंद सालीबरोबर टाकून द्यायची, पण मनाने निर्मळ. आता तिचा परीक्षेचा आठवडा लागला होता. रोज गावच्या शाळेत एकेका वर्गापुढे स्पॅनिशमधून आरोग्यावर बोलायचं, आणि शुक्रवारी राजधानीतून, आसुन्सिओनहून येणाऱ्या संस्थेच्या बाई ठरवणार की ही राहणार की आपल्या घरी परत जाणार.

तिची स्पॅनिश खडखडत चालणाऱ्या बैलगाडीसारखी होती आणि गावची पोरं तर आपसात ग्वारानीच बोलतात. हिचं बोलणं कुणाच्या डोक्यात शिरणार नाही आणि बिचारी नापास होणार, असं देल्फिनाने मनाशी धरलं होतं. ते साफ चुकलं.

सोमवारी कोरिन बोलली ती नेमकी देल्फिनाच्या लेकीच्या, अरामीच्या वर्गात. दुपारी सगळे आंब्याखाली तेरेरे, म्हणजे सुक्या पाल्यावर थंड पाणी ओतून केलेलं पेय, एकाच पेल्यातून प्यायला बसले. घरात धाकटं जे असेल त्याने पेला भरायचा, म्हणून अरामीच थंड पाणी ओतत होती. तिने शिंगाचा पेला आधी आजोबांना दिला. एपिफानिओने, देल्फिनाच्या बापाने, नळीने सावकाश पिऊन तो परत केला. मग देल्फिना प्यायली, कोरिन प्यायली. अरामीने आपल्यासाठी पाणी ओतलंच नाही.

"घे की," देल्फिना म्हणाली.

"मला नको. आजोबा खोकतात. कोरिन म्हणाली, पंधरवड्याच्या वर खोकला असला तर दवाखान्यात थुंकी तपासायची आणि तोवर त्याच्या पेल्यातलं प्यायचं नाही."

एपिफानिओ उठला. आपली खुर्ची आणि सिगार उचलून मक्याच्या खोपटामागे जाऊन बसला. मंगळवारपासून वेगळा पेला घेऊन, सगळ्यांकडे पाठ करून, एकटाच प्यायला लागला. ज्याच्या हातचा पेला गावात कुणी कधी नाकारला नाही, त्याला नऊ वर्षांच्या नातीने नको म्हटलं होतं.

देल्फिनाने आधी लेकीला झापलं, मग पाहुणीला. "शाळेतलं शाळेत ठेवायचं. माझ्या अंगणात कशाला आणलंस?"

आणि गावाला एवढं पुरलं. शेजारीण कुंपणावरून विचारती झाली, "काय गं, तुझ्या पाहुणीने म्हाताऱ्याला क्षयरोगी ठरवलं म्हणे? आम्ही सांगतो हां त्या आसुन्सिओनच्या बाईला."

कोरिन रडकुंडीला आली. "मी उद्या वर्गात सांगते, माझं चुकलं म्हणून. पाहिजे तर आजोबांची माफी मागते."

‘हो, माग माफी’ असं देल्फिनाच्या अगदी ओठावर आलं होतं; तेवढ्याने प्रकरण मिटलं असतं. तेवढ्यात खोपटामागून खोकला ऐकू आला. मका काढल्यापासून ती तो ऐकत होती आणि स्वतःलाच समजावत होती की धूळ आहे, धूळच आहे. तिची आई गेली तीही अशाच खोकल्याने. देल्फिनाला एकदम धडकी भरली. गावाची भीती त्यापुढे काहीच नव्हती.

"तुझं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "उद्याही हेच सांग. आणि जरा मोठ्याने सांग."

बुधवारी बाबांना दवाखान्यात न्यायला ती चांगली कंबर कसून निघाली होती. काय काय सुनवायचं तेही ठरलं होतं. पाहते तर म्हातारा टोपी घालून फाटकात उभा. भांडण जिथल्या तिथे राहिलं. नर्सने थुंकी घेतली आणि निकालाला शुक्रवारी यायला सांगितलं. गुरुवारी घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. बाईच्या पुढे बोलायचं म्हणून कोरिनला गेलं नाही, आणि बाकीच्यांचं कारण कुणी बोलून दाखवलं नाही.

शुक्रवारी कोरिन शाळेत गेली आणि देल्फिना एकटीच दवाखान्यात. नर्सने कागद पाहून मान वर केली. "क्षय नाही. सिगारचा धूर साठलाय छातीत. सिगार सोडायची आणि हे औषध घ्यायचं. आणि तुझ्या पाहुणीला सांग, तो रोग श्वासातून पसरतो, तेरेरेच्या नळीतून नाही. पण म्हाताऱ्याला इथवर आणलं हे झकास केलं तिने."

देल्फिना बाहेरच्या बाकावर बसली आणि पोटभर रडली. येणारेजाणारे बघत होते, तर बघेनात का. मग नाक पुसून घराकडे निघाली. वाटेत शाळेतून धावत येणारी कोरिन भेटली. आसुन्सिओनच्या बाईंनी सगळ्या शाळेला विचारलं होतं, आठवड्यात काय शिकलात? खोकल्याचं सगळं पोरांनी ग्वारानीत घडाघडा सांगितलं. ती राहणार होती. दोघींनी भर रस्त्यात एकमेकींना मिठी मारली.

एपिफानिओ खोपटामागेच होता. अरामी थोड्या अंतरावर उगाच काडीने माती उकरत बसली होती. देल्फिनाने निकाल सांगितला. म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाबा, आता तरी पोरीवरचा राग सोडा," देल्फिना म्हणाली.

"राग कसला?" तो म्हणाला. "तुझ्या आईला असाच खोकला होता. मला कळत होतं. पेला नको म्हणावं तर तुम्ही विचारणार, का नको. हो म्हणावं तर माझ्या मागून ही पोर त्याच नळीला तोंड लावणार. रोज दुपारी हाच पेच. सोमवारी ती नको म्हणाली तेव्हा जीव भांड्यात पडला माझा."

"मग उठून का गेलात?"

"रडू फुटलं होतं. तुमच्यासमोर कुठे रडू?"